केरबाची संमती

“सही करू नका, मामा,” मी म्हणाले.

केरबा कुरणेनं पेनाचं टोपण काढून दातांत धरलं होतं. कागद मांडीवरच्या पिशवीवर पसरलेला. त्यानं अख्खी मान वळवून माझ्याकडं बघितलं. कुणीही बोललं की तो अशीच पूर्ण मान वळवायचा. मला ती त्याची अदब वाटायची. कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात एक लांब लाकडी बाक होतं, त्याच्या डाव्या टोकाला तो बसायचा आणि मला आपल्या उजव्या हाताला बसवायचा. हीही अदबच, असं मी धरून चालले होते.

“का वो ताई?” टोपण हातात घेत तो म्हणाला.

“का म्हणजे? हा माणूस तुमच्याविरुद्ध उभा राहणार आहे.”

“सर?”

“हो, सर.”

“आवो, सर इरोधात हुबं ऱ्हात्यात म्हंजी कागदावर. त्येंचा बी धंदाच हाय की त्यो.”

पलीकडं युनियनचे सेक्रेटरी आनंदा खोत तंबाखू मळत उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. निदान यांना तरी कळेल, अशी माझी आशा होती.

“खोतभाऊ, तुम्ही तरी सांगा यांना. संमती दिली नाही तर नेर्लेकर या केसमध्ये तोंड उघडू शकत नाहीत. कायदाच आहे तसा.”

कायदा खरंच तसा आहे. औद्योगिक वाद कामगार न्यायालयात आला की वकील सहजासहजी उभा राहू शकत नाही. दुसऱ्या बाजूची संमती लागते, मग कोर्टाची परवानगी. कंपनीनं मोठे वकील आणून गरीब कामगाराला चेपू नये म्हणून कुणी तरी शहाण्या माणसानं हे कलम घातलं. व्यवहारात दोन्ही बाजू एकमेकांना ‘आमची हरकत नाही’ असं लिहून देतात आणि कलम राहतं पुस्तकात. कंपनीनं माझ्यासाठी संमती द्यायची, केरबानं कंपनीच्या वकिलासाठी. आज सकाळी कंपनीच्या पर्सोनेल ऑफिसरनं तो कागद आणून दिला होता आणि त्यावर वकिलाचं नाव होतं रघुनाथ नेर्लेकर.

“मग तुमाला बी हुबं ऱ्हाता येणार न्हाई न्हवं?” खोतांनी विचारलं.

“नाही येणार. नको. तुम्ही युनियनचे पदाधिकारी आहात, तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. तुम्ही चालवा. मी मागं बसते, एकेक प्रश्न लिहून देते. समोर तो पर्सोनेल ऑफिसर असेल, त्याला तुम्ही सहज गुंडाळाल.”

खोतांनी तंबाखूवर टाळी मारली. “ताई, तुमचं बराबर आसंल. पर ह्यो माणूस आमच्या गेटावर भर उनात हुबा ऱ्हायलाय. युनियनचा बोर्ड लावला तवा मालकाची माणसं आंगावर आलती, त्यात सर मधी पडलं. कपाळाला टाकं पडलं त्येंच्या. आता त्येस्नी कोर्टात म्हणायचं, तुमी नगं? आमाला त्वांड हाय का वर करून बोलायला?”

“पण आता ते तिकडचे आहेत! तुमचं सगळं त्यांना माहीत आहे. कोण कच्चा, कोण पक्का, कुणाच्या घरात काय.”

“म्हणूनच की,” केरबा म्हणाला. “म्हाईत हाय म्हणूनच. नवा वकील आला तर त्यो काय आमाला वळखतोय? सोलून काढंल. सरांचा हात जड पडायचा न्हाई आमच्यावर.” मग जरा लाजत त्यानं पुढचं सांगितलं. “आयतवारी घरला आलते. माज्या बायकूनं, हौसानं झुणका केलता, भाकरी खाल्ली पोटभर. जाताना म्हणालं, केरबा, तू नगं म्हणालास तर मी येणार न्हाई, तुज्या मनावर हाय. आता आसं बोलल्यावर नगं म्हणायचं व्हय, ताई?”

आणि त्यानं सही केली. मोठी, ठसठशीत, प्रत्येक अक्षर सुटं. मी कपाळावर हात मारून घेतला, अगदी त्याच्यासमोर.

नेर्लेकर सरांकडंच मी वकिली शिकले. आजही एखाद्या कार्यक्रमात माझा परिचय करून देताना सूत्रसंचालक एक वाक्य हटकून वाचतो, ‘कामगार कायद्यातील ज्येष्ठ विधिज्ञ रघुनाथ नेर्लेकर यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली.’ वाक्य खरं आहे, म्हणून मी ते खोडत नाही. ते ऐकून लोक टाळ्या वाजवतात. मी त्या वेळी टेबलावरच्या फुलांकडं बघत बसते.

लक्ष्मीपुरीत एका भांड्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. संध्याकाळ झाली की जिना कामगारांनी भरायचा. फाउंड्रीतले, सूतगिरणीतले, साखर कारखान्यातले. सर सगळ्यांना नावानं ओळखायचे. कुणाची आई आजारी, कुणाचा पोरगा दहावीला नापास, हे त्यांना केस पेपरच्या आधी माहीत असायचं. मला तर तो माणूस देवासारखा वाटायचा, हे आता लिहितानाही संताप येतो, पण वाटायचा.

त्यांची एक गोष्ट माझ्या मनात फार ठसली होती. एकदा कंपनीच्या बाजूचा टाइमकीपर साक्षीला उभा होता आणि भीतीनं त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. सर उलटतपासणी थांबवून स्वतः उठले, पट्टेवाल्याकडून पाणी घेतलं आणि आपल्या हातानं त्याला दिलं. समोरच्या बाजूच्या माणसाला! बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, “विनया, घसा कोरडा पडला की माणसाला धड खरंही बोलता येत नाही आणि खोटंही. पाणी द्यावं. आणि पाणी देताना माणूस बघून घ्यावा.” मला पहिली दोन वाक्यं आवडली. त्यानंतर मीही प्रत्येक साक्षीदाराला पाणी विचारायला लागले.

मग एक दिवस सरांनी शाहूपुरीत नवं ऑफिस घेतलं. काचेचं दार, थंड हवा, बाहेर बसायला सोफा. कारखानदारांच्या असोसिएशननं त्यांना सल्लागार नेमलं होतं. “आयुष्यभर एकाच बाजूनं बघितलं,” ते मला म्हणाले, “आता दुसरीकडून बघतो. कायदा तोच आहे.” मला त्यांनी चल म्हटलं. मी गेले नाही. त्यांनी रागावूनही बघितलं नाही, उलट कामगारांच्या सगळ्या फायली माझ्या टेबलावर ठेवून पाठीवर थाप मारली. तसे ते शेवटपर्यंत गोडच बोलत राहिले.

केरबाची केस माझ्याकडं आली ती त्यानंतर. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो ओतकामाला होता. भट्टीतला तापलेला रस लोखंडी बादलीत घ्यायचा, वरच्या साखळीला टांगलेली ती बादली साच्यापर्यंत ढकलत न्यायची आणि रस साच्यात ओतायचा. एका पाळीला साखळी सरकली, बादली कलंडली आणि एका हेल्परचा पाय भाजला. साखळी झिजल्याची तक्रार केरबानंच युनियनमार्फत दोनदा केली होती. कंपनीनं मात्र त्यालाच कामावरून काढलं. कारण काय, तर कामात गंभीर हलगर्जीपणा. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी केरबा युनियनचा अध्यक्ष झाला होता.

कंपनीनं घेतलेली खातेनिहाय चौकशी कोर्टानं आधीच सदोष ठरवली होती. म्हणजे आता सगळा पुरावा न्यायाधीशांसमोर नव्यानं व्हायचा होता. केस चांगली होती. माझ्या हातात तोवर आलेली सगळ्यांत चांगली केस, असं म्हटलं तरी चालेल. केरबाला परत कामावर घ्या, एवढंच मागणं होतं. त्या वयात दुसरी फाउंड्री त्याला घेणार नव्हती आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं.

संमतीवर सही झाली त्या दुपारी मी वकिलांच्या खोलीत सरांना गाठलं. ते एकटेच चहा पीत बसले होते.

“सर, ही केस तुम्ही घेऊ नका.”

“बस. चहा सांगू?”

“नको. तुम्ही त्या माणसाच्या घरी जाऊन जेवलात आणि त्याची संमती घेऊन आलात.”

“मग? बोलावलं होतं त्यानं.”

“तुम्हाला लाज नाही वाटत?” मी असं बोलले. त्यांच्याशी असं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. माझा आवाज चिरकला होता.

सरांनी कप बशीत ठेवला. “हे बघ विनया. कायदा म्हणतो, मला उभं राहायचं तर त्याची संमती हवी. मी मागितली. त्यानं दिली. तू त्याला सल्ला दिलास की देऊ नको. त्यानं तो ऐकला नाही. मग तुझी तक्रार नेमकी कुणाबद्दल आहे?”

माझ्याच गुरूनं मला कोपऱ्यात उभं करून दाखवलं होतं. मी दार आपटून बाहेर आले.

पुढच्या तारखेला कंपनीच्या सुपरवायझरची साक्ष होती. मी त्याला पार पिंजून काढला. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी साखळी बदलली हे त्यानं कबूल केलं. जुनी साखळी कुठं आहे, ते त्याला सांगता येईना. तक्रार मिळाली होती का, या प्रश्नावर तो आधी नाही म्हणाला, मग आठवत नाही, मग मिळाली असेल. न्यायाधीश साहेब मान हलवत लिहून घेत होते. नेर्लेकर सर हाताची घडी घालून नुसते बसले होते. एकदाही हरकत घेतली नाही, साक्षीदाराला सावरायला एक प्रश्न विचारला नाही.

बाहेर आल्यावर केरबाचा चेहरा फुलला होता. “बगा ताई, म्हणलं न्हवतं? सर गप बसलं. एक शबुद बोललं न्हाईत.”

आणि मलाही त्या दिवशी घटकाभर वाटून गेलं, की असेल बुवा. जुन्या मिठाची आठवण असेल.

केरबाची उलटतपासणी म्हणजे शेवटचं काम. तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता, टोपी काढून बगलेत धरलेली. साक्षीदाराचा पिंजरा न्यायाधीशांच्या टेबलाला जवळजवळ चिकटून होता. साहेब केरबाच्या समोर, मी त्याच्या उजव्या अंगाला, डावीकडं नुसती रिकामी जागा आणि खिडकी.

सर उठले. आवाज तसाच, लक्ष्मीपुरीच्या जिन्यावरचा.

“काय केरबा, बरा आहेस ना?”

“हाय सर.” मग चूक लक्षात येऊन, “हाय साहेब.”

“ओतकामात कधीपासून आहेस?”

“थोरला पोरगा जल्मायच्या आदीपासनं.”

“म्हणजे काम चांगलं माहीत आहे. रसाची बादली साच्यापर्यंत नेताना कुठं थांबवायची, किती कलती करायची, हे कशावरून ठरवतोस?”

“नजरंवर. त्येला काय मोजमाप नसतंय.”

“अंदाज चुकला तर?”

“चुकत न्हाई साहेब. चुकला तर मानूसच जायचा की.”

“साखळी झिजली होती म्हणतोस. तू स्वतः बघितलीस?”

“रोज बगायचो.”

“डोळ्यांचा काही त्रास, केरबा?”

मी उठून उभी राहिले. “साहेब, या प्रश्नाचा आरोपाशी काय संबंध?”

पण केरबा हसत होता. सरांकडं बघून, ओळखीचं, शाबासकी मिळणार असल्यासारखं हसत होता. साहेबांनी माझ्या हरकतीवर काही म्हणायच्या आधीच तो मोठ्यानं बोलून गेला, “काय बी तरास न्हाई साहेब. दोनी डोळं बेस हायत.”

दोन्ही, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मला ते कानाला खटकलं, पण त्यापुढं माझं डोकं चाललं नाही. साहेबांनी उत्तर टायपिस्टला सांगायला सुरुवात केली.

“घसा सुकला वाटतं,” सर म्हणाले.

“व्हय साहेब, वाईच.”

“पाणी देतो.”

पट्टेवाल्यानं स्टीलचा पेला भरून आणला. सरांनी तो त्याच्या हातातून घेतला. सरळ चालत आले असते तर ते केरबाच्या उजवीकडं, माझ्यासमोर आले असते. ते टेबलाला वळसा घालून खिडकीच्या बाजूनं गेले. पिंजऱ्याच्या डाव्या अंगाला उभे राहिले आणि त्यांनी पेला केरबाच्या खांद्याच्या उंचीला पुढं धरला. जवळ, अगदी गालापासून हातभर. तोंडातून मात्र अवाक्षर काढलं नाही.

केरबा साहेबांकडं बघत होता. पाण्याची वाट बघत त्यानं जिभेनं ओठ ओले केले. सर पेला धरून उभे. टायपिस्टचा कागद संपला, तिनं मान वर केली आणि ती बघतच राहिली. साहेबांनीही वर बघितलं. पट्टेवाला बघत होता. कंपनीचा ऑफिसर बघत होता. सगळ्या खोलीत फक्त एका माणसाला तो पेला दिसत नव्हता.

मग मला कळलं. तो मान का वळवायचा ते कळलं. बाकाच्या डाव्या टोकाला का बसायचा ते कळलं. “साहेब...” मी म्हणाले, पण पुढं बोलायचं काय? साक्षीदाराला खूण केली असती तर तेवढ्यावर केस गेली असती. सरांनी माझ्याकडं न बघता मोकळा हात वर केला. हा हात मला ठाऊक होता. मी ज्युनिअर असताना मला गप्प बसवायला ते तसाच वर करायचे.

केरबा शेवटी साहेबांनाच म्हणाला, “साहेब, त्ये पानी तेवढं...”

“केव्हाचं धरलंय, केरबा,” सर हळूच म्हणाले.

तो एवढा दचकला, की मान वळवता वळवता त्याचा हात पेल्याला लागला आणि सगळं पाणी सरांच्या कोटावर सांडलं. “चुकलं सर, चुकलं,” म्हणत तो पिंजऱ्यातून वाकला आणि बगलेतली टोपी काढून सरांची बाही पुसायला लागला. सरांनी पुसू दिली. मग साहेबांकडं वळून ते कोर्टातल्या आवाजात म्हणाले, “साक्षीदाराला डाव्या बाजूचं दिसत नाही, याची कृपया नोंद व्हावी. आणि त्यानं आत्ताच शपथेवर काय सांगितलं, तेही रेकॉर्डवर आहे. नेत्रतपासणीसाठी माझा अर्ज तयार आहे.”

अर्ज खरोखरच तयार होता. टाइप केलेला, तारीख घातलेला.

त्यानंतर जे झालं त्यात सांगण्यासारखं काही नाही. सरकारी दवाखान्याचा अहवाल आला. डावा डोळा वरून धड, आतून पूर्ण निकामी. निकालपत्रात साखळीबद्दल एक परिच्छेद आहे, कंपनीला दोष देणारा. त्याच्या खाली लिहिलंय, की वितळलेल्या धातूच्या कामात एका डोळ्याचं अंधत्व लपवणारा आणि शपथेवर खोटं बोलणारा कामगार पुन्हा कामावर घ्या असं हे न्यायालय सांगू शकत नाही. साहेब भले होते. त्यांच्या जागी मी असते तर मीही बहुधा तेच लिहिलं असतं. मी वर हायकोर्टात दाद मागितली, तिथंही हरले. केरबा पुढं नागाव फाट्यावर एका गोडाउनला वॉचमन म्हणून बसायचा.

पण निकालाचा दिवस मला आठवत नाही. आठवतो तो त्या साक्षीच्या दिवशीचा व्हरांडा.

साक्ष संपल्यावर आम्ही दोघं त्या बाकावर येऊन बसलो. केरबा डाव्या टोकाला, मी त्याच्या उजवीकडं. खोत कुठं तरी निघून गेले होते, त्यांना आमच्याकडं बघवेना.

“मामा, कधी झालं हे?”

“लई वर्सं झाली. ठिणगी उडाली.”

“मला का नाही सांगितलंत? मी तुमची वकील आहे ना? मी किती वेळा विचारलं, अजून काही आहे का, लहानसहान काहीही असलं तरी सांगा म्हणून!” मी ओरडत होते. व्हरांड्यातली माणसं वळून बघत होती, पण मला त्याचं काही वाटेना.

केरबा ओली टोपी गुडघ्यावर पसरून सारखी करत होता.

“सरांनी सांगितल्यालं.”

“काय सांगितलेलं?”

“डोळा गेला तवा मी रातोरात सरांकडंच गेलतो, लक्षीमपुरीत. तुमी न्हवता तवा. सर म्हणालं, कंपनीला कळलं तर एकदाच काय ती भरपाई देऊन घरला बसवतील. गप ऱ्हा. कुनाला बी सांगू नगं, बायकूला न्हाई, युनियनीत न्हाई, उद्या दुसरा वकील केलास तर त्येला बी न्हाई. कुनी इचारलं तर म्हणायचं, दोनी डोळं बेस हायत. दोन-चार येळा माज्याकडनं म्हणून घेतलं. कसं वळायचं, कसं बसायचं, समदं त्येनीच शिकवलं. कुनाला वळखाय आलं न्हाई, ताई. हौसाला बी न्हाई.”

मी वाकून त्याच्या डाव्या डोळ्याकडं बघितलं.

“आज इचारलं तवा मला वाटलं, सर मुद्दाम इचारत्यात. एकदा साहेबाच्या म्होरं नोंद करून घेत्यात, म्हंजी पुढं कुनी शंका काडायला नगं. म्हणून तर मी मोठ्यानं बोललो.” त्यानं टोपी उलटी केली. “मग पान्याचं काय झालं, ते मला उमगंना.”

“उमगेना? मामा, तुम्हाला दिसत नाही हे त्यांनी साहेबांना दाखवून दिलं. मुद्दाम. म्हणून ते त्या बाजूनं आले. म्हणून बोलले नाहीत. तुमच्याच घरात भाकरी खाल्ली तेव्हाच हे त्यांच्या मनात होतं!”

मला वाटलं तो चिडेल. दोन शिव्या देईल. मला त्या ऐकायच्या होत्या. माझ्या तोंडात येऊन राहिलेल्या सगळ्या शिव्या त्यानं द्याव्यात असं मला फार वाटत होतं. तो गुडघ्यावरच्या टोपीवर हात फिरवत राहिला.

“न्हाई ताई,” तो म्हणाला. “आसं न्हाई व्हायचं. कायतरी आसंल त्येंच्या मनात. मी इचारतो की त्येस्नी. हितंच बसतो. भाईर आलं की इचारतो, सर, आसं का केलंसा?”

आणि तो वळून बसला. कोर्टाच्या खोलीचं मोठं दार बाकाच्या उजव्या हाताला होतं. त्या दारावर नजर लावून, पाठ ताठ करून, टोपी डोक्यावर नीट बसवून तो बसला. शाळेत गुरुजींची वाट बघत बसावं तसा.

सर त्या दारातून आले नाहीत. कोर्टाच्या कारकुनांची खोली पलीकडं, डाव्या हाताला होती. अर्ज दाखल करून ते तिथून बाहेर पडले. बरोबर कंपनीचा तो ऑफिसर. आवारात उतरायच्या पायऱ्या आमच्या बाकाच्या डाव्या टोकाला लागूनच होत्या. ऑफिसर काही तरी मोठ्यानं बोलत चालला होता. सरांनी केरबाला बघितलं. तो कुठं तोंड करून बसलाय ते बघितलं. मग माझ्याकडं बघितलं आणि हात वर करून त्या ऑफिसरला गप्प केलं.

मी हाक मारली असती तर केरबा तटकन उठला असता. त्यानं हात जोडले असते, आधी कोट भिजवल्याबद्दल माफी मागितली असती आणि मग तो प्रश्न विचारला असता. आणि सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून काही तरी गोड उत्तर दिलं असतं. ते उत्तर त्यानं खरं मानलं असतं. ते मला बघवलं नसतं.

सर आले. केरबाच्या डाव्या खांद्याला त्यांचा कोट घासेल इतक्या जवळून, पण न घासता, सावकाश पायऱ्या उतरून गेले. बाही अजून ओलीच होती. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

केरबा दाराकडं बघत होता.

“वाईच येळ लागतोय न्हवं, ताई?” तो म्हणाला. “तुमी जावा घरला. सर आल्याबिगर मी काय उठत न्हाई.”